वाणात दिलेली गोष्ट

आमच्या घरात करकरीत नवं असं फारसं काही येत नसे. शाळेची पुस्तकं अण्णा जुन्या बाजारातून आणायचे आणि त्यावर आधीच्या पोराचं नाव असलं तर खोडू द्यायचे नाहीत. “त्यानं जपून वापरलं म्हणून तुला मिळालं, राहू दे की त्याचं नाव,” म्हणायचे. त्यामुळं माझ्या एकेका पुस्तकावर तीन-तीन नावं असायची, शेवटचं माझं, आणि इतिहासातल्या बऱ्याच राजांना कुणीतरी आधीच चष्मे लावून ठेवलेले असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. गोष्टीची पुस्तकं वाचनालयातून यायची, वर्तमानपत्र शेजारच्या शिंदेकाकांचं वाचून झालं की यायचं, आणि लग्नाकार्याला लागणारं मोठं पातेलं अख्ख्या गल्लीत मिळून एकच होतं, ते मुळात कुणाचं होतं हे मला आजही ठाऊक नाही. उसनं आणलेलं भांडं आई रिकामं परत पाठवत नसे. वाटीभर डाळ आणली तर जाताना त्या वाटीत लाडू नाहीतर निदान गुळाचा खडा जायचा. वाचनालयाचं पुस्तक परत करतानाही तिचा हात चुळबुळायचा. एकदा तिनं त्यात जाईची चार फुलं घालून पाठवली, आणि पान डागाळलं म्हणून तिथल्या माणसानं अण्णांना चांगलं ऐकवलं. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, एवढ्या जागेत दुसऱ्यांच्या घरून आलेल्या इतक्या वस्तू असायच्या की आपलं कुठलं आणि लोकांचं कुठलं, हे फक्त आईलाच सांगता यायचं.

परवा माझा नातू माझ्याशेजारी लोळून फोनवर नवा पिक्चर बघत होता. थेटरात लागून अजून आठवडा व्हायचा होता. मी विचारलं, हा तुझ्याकडं कसा रे? म्हणाला, मित्रानं पाठवला. मी म्हटलं, ही चोरी झाली की रे बाबा. तर मान वर न करता म्हणाला, “आजी, त्याच्याकडचा त्याच्याकडंच आहे. कुणाचं काय कमी झालं?” मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण अगदी हेच मी चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, आणि बोलणारी माझी आई होती. ते सगळं आता लिहूनच काढते, म्हणजे नातवालाही वाचता येईल. फोन खाली ठेवला तर.

आईचा धाकटा भाऊ, आमचा सदामामा, कोडोलीला असायचा. थोडा ऊस, दोन म्हशी आणि तोंड, एवढी माझी इस्टेट, असं तो सांगायचा. त्यातलं तोंड खरं कमावतं. गणपतीत, जत्रेत, कुठं शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला गोष्टी सांगायला बोलवायचे. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात काही नाही, आणि तास-दीड तास माणसं पोट धरून बसायची. बाजाराला कोल्हापूरला आला की आमच्याकडं यायचाच. काकवीची बरणी, चार वांगी, हिरव्या मिरच्या पिशवीतून काढून ठेवायच्या आणि चुलीशेजारी पाट ओढून बसायचं. आई भाकरी थापायची, तो बोलायचा. नवी गोष्ट जुळली की पहिल्यांदा आईला सांगायचा. आई हसायला लागली की तव्यावरची भाकरी विसरायची, आणि करपल्याचा वास सुटला की मामा म्हणायचा, “झालं. चालतीया ही गोष्ट.” भाकरी नीट उतरली तर ती गोष्ट तो पुन्हा काढत नसे. अण्णा म्हणायचे, तुझ्या भावाच्या कलेपायी मला जन्मभर करपलेलं खावं लागणार.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट जावयाची होती. नवा जावई आखाडाला सासुरवाडीला जातो. सासू आग्रह करते, हा लाजून प्रत्येक वाढीला ‘नगं, पोट भरलं’ म्हणतो, आणि मग भुकेनं तळमळतो. शेवटी सगळे निजल्यावर चोरपावलानं चुलीजवळ जातो, शिंक्यातल्या मडक्यात हात घालतो, आणि मागं बघतो तर सासू उभी. इथं मामा थांबायचा. हात तसाच वर, मडक्यात घातलेला, मान वळलेली, आणि तोंडातून एक अक्षर नाही. लोक आधी खुसखुसायचे, मग गप्प व्हायचे, मग कुणाला तरी राहवायचं नाही आणि हसू फुटायचं. ते अगदी फुटायच्या बेताला आलं की मामा सासूच्या आवाजात हळूच म्हणायचा, “पावणं, पोट भरलं न्हवं?” आणि मांडव कोसळायचा. ती गप्प राहायची जागा किती लांबवायची ते तो समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर बघून ठरवायचा. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की गोष्ट तेवढीच होती, बाकी सगळा रस्ता.

एका गणपतीत त्याला एका कॅसेट कंपनीच्या माणसानं ऐकलं आणि मुंबईला नेलं. जावयाची गोष्ट आणि आणखी दोन, अशी कॅसेट निघाली. वरती मामाचा टोपीतला फोटो. मुंबईहून आल्यावर आईनं विचारलं, कसं झालं रे? तर म्हणाला, “बंद खोलीत भिताडाला गोष्ट सांगून आलो, आक्का. भिताड काय हसंना.” पण आतून फुलला होता. कंपनीनं सांगितलं होतं की ही खपली तर वर्षाच्या आत दुसरी काढू. आणि दुसरीसाठी त्याच्याकडं एक गोष्ट तयार होती. बरीच वर्षं डोक्यात घोळवलेली, अजून कुणालाही न सांगितलेली. आईनं लगेच परात पुढं ओढली. तर हा म्हणतो, “न्हाय. ही भाकरीवर सांगायची न्हाय. ही तू कॅसेटीतच ऐकायची.” आई दोन दिवस त्याच्यावर फुगून बसली. पण त्या दुसऱ्या कॅसेटीची वाट मामापेक्षा तीच जास्त बघायला लागली. तिला न सांगितलेली अशी ती त्याची पहिलीच गोष्ट होती.

पहिली कॅसेट मामानं स्वतः आणून तिच्या हातात दिली. तिनं तिला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली. ऐकायची झाली तर हात धुऊन घ्यायची आणि ऐकून झाली की पुन्हा देवात. आमचा टेपसुद्धा अण्णांनी एका बदली झालेल्या मास्तरांकडून जुना घेतलेला होता. त्याचं झाकण तुटलेलं, त्यामुळं कॅसेट फिरताना दिसायची, आणि आई ती फिरताना बघत बसायची.

मग संक्रांत आली. आमच्याकडं हळदीकुंकवाचं वाण देत नाहीत, लुटतात, आणि कुणी काय लुटलं याची चर्चा रथसप्तमीपर्यंत पुरते. एरवी आई गाळणी, डबी, कंगवा असलं काहीतरी लुटायची. त्या वर्षी तीळ भाजता भाजता तिनं जाहीर केलं, “यंदा मी माझ्या भावाची गोष्ट लुटणार हाय.” प्रत्येकीला एक कॅसेट. दुकानातल्या छापील कॅसेटी सगळ्यांना घ्यायच्या म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. पण कोऱ्या कॅसेटी घेऊन भरून द्यायच्या, हे जमण्यासारखं होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत टेप आले होते आणि उरलेल्या घरांतल्या बायका शेजारी जाऊन ऐकणारच होत्या.

अण्णांना ते रुचलं नाही. जेवता जेवता म्हणाले, “हे बरोबर नाही हं. वाचनालयातून पुस्तक आणतो तेव्हा ते आपल्याकडं असतं आणि दुसऱ्याकडं नसतं. जुनं घेतो तेव्हा विकणाऱ्याच्या घरातनं जातं. ह्यात कुणाकडनंच काही जात नाही, नुसतं वाढत बसतंय.”

“मग वाढू दे की,” आई म्हणाली. “शिंदेकाकू विरजण न्यायला येतात. चमचाभर दिलं तर त्यांच्या घरी पातेलंभर दही लागतं. आपलं दही कमी झालं का? कुणाचं काय कमी झालं?”

“विरजणाचं वेगळं.”

“आन तुम्ही वाचनालयातला तो जाडजूड नकाशांचा ग्रंथ आणून पोरांसाठी नकाशे उतरवून घेता, ते?”

“ते मी हातानं काढतो.”

“मी बी बटण हातानंच दाबणार हाय,” आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. अण्णांनी ती मोडून घेतली. त्यांचं बरोबर होतं असं मला आज वाटतं, पण त्या दिवशी आम्ही सगळे आईच्या बाजूचे होतो, आणि भाकरीवर लोणी होतं.

आता पंचाईत अशी, की महाद्वार रोडच्या बोळात एक कॅसेट भरून देणारा होता, त्याच्याकडं एकावरून चार करायची सोय होती, पण त्याला मूळ कॅसेट द्यावी लागणार. आणि आई देव्हाऱ्यातली कॅसेट घराबाहेर सोडायला तयार नाही. “परत दिली न्हाय तर? भावानं दिलेली वस्तू हाय.” म्हणून ठरलं असं, की घरीच एक नक्कल काढायची आणि ती दुकानदाराला द्यायची. शिंदेकाकूंचा भाऊ मस्कतला होता, त्यानं त्यांना मोठा टेप पाठवला होता. तो एका दुपारपुरता उसना आणला. प्लग स्वयंपाकघरातच होता. ओट्यावर दोन्ही टेप समोरासमोर तोंड करून ठेवले, एक बोलणार आणि एक ऐकणार. खिडकी लावली, दाराच्या फटीत उशी कोंबली. मला बटणावर बसवलं. अण्णांना सांगितलं, खोकला आला तर गच्चीवर जायचं. धाकट्या भावाला तर थेट तालमीकडं पिटाळलं. आईनं सगळ्या घराला असं चिडीचूप केलं, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिनं उतरवून अंथरुणात गुंडाळून ठेवलं.

आणि दूध मात्र शेगडीवर राहिलं. जावई चुलीपर्यंत पोचला, मडक्यात हात घातला, सासू मागं उभी राहिली, मामा थांबला, आणि त्या शांततेत आईचा खणखणीत आवाज आला, “अगं बाई, दूध उतू गेलं!” मी दचकून बटणाकडं हात नेला, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं, चालू राहू दे. तोवर मामा पुढचं बोललाच होता. पुन्हा पहिल्यापासून करावं तर शिंदेकाका कामावरून यायच्या आत टेप पोचता करायचा होता. आई म्हणाली, एवढंसं काय कुणाला कळतंय. सगळ्यांना गप्प बसवून बोलली ती एकटीच, यावरून अण्णा संध्याकाळपर्यंत हसत होते. दुसऱ्या दिवशी ती नक्कल दुकानात गेली आणि तिच्या पोटातून बाकीच्या निघाल्या.

असं वाण आमच्या गल्लीत त्याआधी कुणी लुटलं नव्हतं. बायका हळदीकुंकू लावून घेताना एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात कॅसेट घेऊन उभ्या होत्या. कुणी मागच्या बाजूला मामाचा फोटो शोधत होतं. आईनं नवी हिरवी साडी नेसली होती आणि प्रत्येकीला सांगत होती, “माझा भाऊ हाय. कंपनीनं मुंबईला नेलतं त्याला. आता दुसरी बी निघणार हाय.” तिच्या मनात पाप नव्हतं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. तिला वाटत होतं, जितक्या घरांत भाऊ बोलेल तितकं त्याचं नाव होईल, आणि जितकं नाव होईल तितकी दुसरी कॅसेट लवकर येईल.

नाव झालं. एकीनं ती माहेरी मलकापूरला नेली, एकीच्या नणंदेनं राधानगरीला. तिथं त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. उन्हाळा लागेपर्यंत अशी गत, की एसटीत कंडक्टर तिकीट देताना म्हणायचा, “पावणं, पोट भरलं न्हवं?” आणि अख्खी गाडी हसायची. आई घरी येऊन हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा अण्णा एका दुकानात गेले, तिथं मामाच्या छापील कॅसेटी फळीवर धूळ खात होत्या. दुकानदार म्हणाला, मास्तर, ही कोण घेतंय? सगळ्यांकडं हायच की. अण्णांनी घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, दुकानदारांचं रडगाणं कधी थांबलंय? आणि विषय तिथंच राहिला.

कोडोलीच्या जत्रेत दरवर्षी मामाचा कार्यक्रम असायचा. त्या वर्षी तो ऐकायला कंपनीचा माणूस येणार होता आणि ऐकून दुसऱ्या कॅसेटीचं पक्कं करणार होता. आम्ही सगळे गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव, उन्हं कललेली, पुढं बायका-पोरं, मागं पुरुष, आणि अगदी समोर एका लोखंडी खुर्चीवर सफारी घातलेला तो माणूस, हातात लिंबू सरबताचा पेला. मामा उभा राहिला तशी एवढी गर्दी हलली, की मला वाटलं, आता काय बघायलाच नको. त्यानं जावयाची गोष्ट सुरू केली. पहिल्याच वाक्याला माझ्या मागून दोघी-तिघी त्याच्याबरोबर बोलायला लागल्या. मग पोरं. मग सगळा मांडव. जावई ‘नगं’ म्हणायच्या आत लोक ‘नगं, पोट भरलं’ म्हणत होते. हसत नव्हते, म्हणत होते. शाळेत पाढे म्हणतात तसं. मामानं एक-दोनदा वाक्य फिरवून बघितलं, चाल बदलून बघितली, तर लोकांची गाडी पुढं निघून गेली आणि तो मागं राहिला.

मग ती जागा आली. मामानं हात वर केला, मान वळवली आणि थांबला. एवढ्या गोंधळातही त्यानं ती शांतता जमवलीच, आणि मला वाटलं, आता सावरलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, “अगं बाई, दूध उतू गेलं!” आणि त्याच्यामागं सगळा मांडव, “दूध उतू गेलं!” लोक पोट धरून हसले. मामा हात वर करून तसाच उभा. त्याला काही समजेना. एक पोरगेलासा गडी त्याच्या मदतीला म्हणून उठला आणि म्हणाला, “सदाभाऊ, दूध इसरला तुम्ही. सासू आधी दूध म्हणती, मग पोट.” आजूबाजूचे म्हणाले, व्हय की, इसरलाच. त्याची गोष्ट ते त्यालाच शिकवत होते. माझ्याशेजारी आईनं पदर तोंडावर ओढून घेतला. अण्णा मागं पुरुषांत होते, ते उठून उभे राहिले होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. मामानं हात जोडले, उरलेली गोष्ट चार वाक्यांत आटोपली आणि खाली उतरला. टाळ्या चिक्कार पडल्या.

कंपनीचा माणूस भला होता, उगाच वाईट कशाला बोला. त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “सदाभाऊ, एवढं पाठ झालेलं मी आजवर पाहिलं नाही. पण ह्या अख्ख्या जिल्ह्यातनं आमच्या कॅसेटी बांधलेल्या तशाच परत आल्या. दुसरी मी कुठल्या तोंडानं काढायची?” मामा म्हणाला, बरोबर हाय तुमचं. मग मामा त्याला एसटीवर सोडून आला.

घरी आल्यावर मामीनं ताटं वाढली. जत्रेचं जेवण, रस्सा, भात, कांदा, सगळं होतं. आई हात धुऊन बसली आणि घास उचलेना. मामानं शेजारच्या घरातून टेप आणि त्यांच्याकडची कॅसेट मागून आणली आणि आम्हा सगळ्यांसमोर लावली. तोवर त्या कॅसेटीत मामाचा आवाज पार खोल विहिरीतून आल्यासारखा झाला होता. ती जागा आली. आणि तिथं, मामाच्या आवाजापेक्षा दुप्पट मोठा, माझ्या आईचा आवाज. मामानं टेप बंद केला. आईकडं बघितलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं टोपी काढून टोपीनंच डोळे पुसले. “आक्का, तरीच म्हटलं, ही सासू वळखीची वाटतीया.”

आई म्हणाली, “सदा, चुकलं रं माझं. नाव व्हावं म्हणून केलं. विरजण दिल्यावानी दिलं मी सगळ्यांस्नी.”

“विरजण दे की, कोण नगं म्हणतंय,” मामा म्हणाला. “पर विरजण नेणारी बाय दूध तरी तिच्या घरचं घालती. हितं दूध बी माझं, मडकं बी माझंच.” मग म्हणाला, “तुझी ती देवातली कॅसेट घरोघर फिरवली असतीस, तर मी काय बी म्हटलं नसतं. आज शिंद्यांच्यात, उद्या आनी कुणाकडं. फिरता फिरता एखादी तरी म्हणाली असती, किती दिस वाट बघू, माझी मीच आणती. आता कुणाला वाटच बघाय नगं. सगळ्यांकडं हाय.”

अण्णांनी मामाच्या ताटात रस्सा वाढला. एरवी हे काम ते कधी करत नसत. मामीनं आईचा हात धरून तिच्या तोंडाला घास लावला, तेव्हा ती रडली आणि मग जेवली. वाण एकदा लुटलं की परत मागत नाहीत, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरभर फिरून सगळ्या कॅसेटी गोळा करून आली असती, एवढी मी तिला ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला एसटीपर्यंत सोडायला निघाला. रस्ता उसाच्या कडेनं. अण्णा आणि भाऊ पिशव्या घेऊन पुढं गेले होते. मामा आणि आई मध्ये, मी मागं. आई म्हणाली, “दुसरीचं काय करणार?” मामा म्हणाला, “काय करायचं? आता कुठं बी उभा ऱ्हायलो की पुढं चार टेप मांडल्यालं असत्यात. एकदा तोंडातनं गेली की गेली.” थोडं चालल्यावर आईनं विचारलं, “मला तरी सांगशील का?” त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मागं वळून मला म्हणाला, “पोरी, जरा लांबनं चाल.” मी वीस-पंचवीस पावलं मागं राहिले. वारा त्यांच्याकडून माझ्याकडं नव्हता. मामाचे हात हलताना दिसत होते. आई आधी पदर तोंडाला लावून हसत होती, मग तिनं पदर सोडून दिला आणि उघडी हसायला लागली, मग रस्त्यातच उभी राहिली. मामाही उभा राहिला. गोष्टीत पुढं कुठंतरी ती हसायची थांबली, पण मला पाठमोरं नीट दिसलं नाही. एसटी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा उजळला होता.

मामानं ती गोष्ट कधीच कुठं उभं राहून सांगितली नाही. कार्यक्रम करत राहिला, जावयाची गोष्ट लोक मागायचे तशी सांगत राहिला, पण नवी काही आहे का विचारलं की म्हणायचा, अजून पिकाय पायजे. आणि आई. जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, जिनं गल्लीतली एकही बातमी कधी शिळी होऊ दिली नाही, ती माझी आई त्या गोष्टीतलं एक अक्षर बोलली नाही. शिंदेकाकूंनी नाना परीनं विचारून बघितलं. आईचं एकच उत्तर, “ती माझी न्हाय, माझ्या भावाची हाय. ऐकायची आसंल तर कोडोलीला जावा.” मी विचारलं, अण्णांनी विचारलं, माझ्या लग्नात मांडवात बायकांनी घेरून विचारलं. कधी दळण निवडताना ती एकटीच हसायची, आणि मला कळायचं की आत गोष्ट चाललीय. मी म्हणायचे, सांग ना गं, मी काय टेप लावणार आहे का? ती नुसती मान हलवायची.

एका पावसाळ्यात मामा तापाचं निमित्त होऊन गेला. ती त्याच्या मातीला जाऊन आली, आणि तरीही सांगितली नाही. मला वाटलं, आता तर ती गोष्ट हिच्याशिवाय जगात कुणाकडंच नाही, आता सांगेल. नाही.

पुढं दोन वर्षांनी ती स्वतः अंथरुणाला खिळली. मी माहेरी येऊन राहिले होते. एका दुपारी पेज भरवताना ती बरी दिसत होती, डोळे स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, “आई, ती मामाची गोष्ट. आता तरी सांग.” तिनं माझ्याकडं बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि मला वाटलं, आता सुरू होणार. मी तिच्या तोंडाजवळ वाकले.

“मामाला विचार,” ती म्हणाली.